सरकारी रुग्णालयांतलं जेवण, कंत्राट आणि कोर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा रुग्णालयात वडिलांच्या उशाशी मी अकरा दिवस काढले. दुपारी साडेबाराला जेवणाची गाडी यायची. वाढणाऱ्या मावशीला मी एकदा विचारलं, "आज भाजी एवढी पातळ का?" त्या म्हणाल्या, "ताई, वरून जेवढं येतं तेवढंच." हे "वरून" म्हणजे नेमकं कुठून, या शोधातून पुढे या विषयाशी माझा संबंध आला तो कायमचाच. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कामगार, निविदा भरणारे बचत गट आणि रुग्णांचे नातेवाईक असे तिघेही प्रश्न विचारतात. तिघांची भांडणं वेगळी असली तरी फाईल एकच असते, म्हणून उत्तरंही इथे एकत्र दिली आहेत. तुमच्या दाव्यातले बारकावे वकिलाला दाखवावेच लागतील.

रुग्णांचं जेवण कंत्राटदाराकडे देणं मुळात कायदेशीर आहे का?

हो. सरकारी रुग्णालयाने स्वयंपाक स्वतःच केला पाहिजे, असं कोणताही कायदा सांगत नाही. हा धोरणाचा भाग आहे आणि धोरण बरं की वाईट हे ठरवायला न्यायालयं सहसा बसत नाहीत. लढाई होते ती कंत्राट कसं दिलं, कामगारांना कसं वागवलं आणि ठरलेलं जेवण ताटात आलं की नाही, यावर.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मात्र कलम १० होतं. एखाद्या कामात कंत्राटी मजूर लावायला सरकार अधिसूचना काढून बंदी घालू शकत असे. काम बारमाही आहे का, आस्थापनेसाठी आवश्यक आहे का, असंच काम इतरत्र कायम कामगार करतात का, त्यात पूर्णवेळ माणसं लागतात का, हे त्यासाठी पाहायचं. रुग्णालयाचं स्वयंपाकघर या चारही कसोट्यांना उतरतं. दिवाळीच्या दिवशीही तिथे चूल पेटवावीच लागते. पण बंदी घालायची कोणी? राज्य सरकारने. आणि निविदा कोणाची? त्याच राज्य सरकारच्या खात्याची. कलम १० चा उपयोग या क्षेत्रात फारसा झाला नाही, याचं मूळ मला इथेच दिसतं.

नव्या कामगार संहितांनी काय बदललं?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कंत्राटी कामगारांचा विषय आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये आहे. या संहितेत आस्थापनेच्या "मुख्य कामात" कंत्राटी मजूर लावायला मनाई आहे, पण तिला अपवादही आहेत. शिवाय कोणती कामं मुख्य धरायची नाहीत याची यादी दिली आहे. सफाई, पहारा, बागकाम यांच्या रांगेत "कँटीन व केटरिंग सेवा" आहे.

वरवर पाहिलं तर प्रश्न मिटला. मला तो मिटलेला वाटत नाही. कर्मचाऱ्यांचा चहा-वडा आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचं मोजून-मापून बनवलेलं जेवण या दोन्हींना "केटरिंग" हा एकच शब्द पुरेल का? ज्याला आरटी फीड, म्हणजे नळीतून अन्न दिलं जातं, त्याच्यासाठी ते अन्नच उपचार आहे. मधुमेह्याचं ताट चुकलं तर इन्सुलिनचा हिशेब चुकतो. आस्थापना ज्यासाठी स्थापन झाली त्या कामाला आवश्यक असलेलं कामही संहितेच्या व्याख्येत "मुख्य" ठरतं. त्यामुळे रुग्णाहार हा उपचाराचाच भाग आहे, हा युक्तिवाद संघटनांनी पुराव्यानिशी मांडायला हवा. डाएट शीट, डॉक्टरांची आहाराबाबतची नोंद आणि आहारतज्ज्ञांच्या पदाचं कर्तव्यपत्रक हे त्यातले पहिले तीन कागद.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा : ५०. ज्या आस्थापनेत ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार आहेत तिथेच या तरतुदी लागू होतात. जुन्या कायद्यात हा आकडा २० होता आणि महाराष्ट्राने काही वर्षांपूर्वीच दुरुस्ती करून तो ५० केला होता. स्वयंपाकघरात बाराच माणसं असतील तर आपण सुटलो, असं कंत्राटदार सांगतात. मोजायचं असतं ते अख्खं रुग्णालय. सफाई, सुरक्षा, धुलाई आणि स्वयंपाक या सगळ्यांची कंत्राटी माणसं एकत्र धरा.

रुग्णालय हा "उद्योग" कसा काय? आणि त्याने फरक काय पडतो?

उद्योग ठरला तरच औद्योगिक कायद्यांचं संरक्षण मिळतं. या वादाची सुरुवात मुंबईतच झाली. जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्डातल्या काही सेविकांना सरकारने कामावरून कमी केलं, कारण बंद झालेल्या नागरी पुरवठा खात्यातल्या माणसांची सोय लावायची होती. भरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णालय हा उद्योग आहे आणि कपातीची रीत पाळली नाही म्हणून ती रद्द. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयाने उलट भूमिका घेतली आणि १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात सात न्यायमूर्तींनी ती पुन्हा फिरवली. आजचे बहुतेक दावे या १९७८ च्या निकालावर उभे आहेत.

मी बारा वर्षं त्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. तीन कंत्राटदार बदलले, मी तिथेच. मला कायम करतील का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि उत्तर देताना मला दर वेळी जड जातं. नुसत्या वर्षांवर कायमपणा मिळत नाही.

१९९६ च्या एका निकालाने अशी आशा निर्माण केली होती की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली की कामगार आपोआप मूळ मालकाकडे, म्हणजे ज्याचं काम करतात त्या आस्थापनेकडे, जातील. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल बाजूला सारला. आपोआप सामावून घेणं नाही, असं स्पष्ट झालं. त्याच निकालाने एक दार मात्र उघडं ठेवलं. कंत्राट हे निव्वळ दिखाऊ असेल, मधला माणूस नावापुरता असेल, तर कामगार थेट मूळ मालकाचेच समजले जातील. ते ठरवायचं औद्योगिक न्यायाधिकरणाने, पुरावा घेऊन.

मग पुरावा कसला? २०१४ मध्ये एअर इंडियाच्या कँटीन कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या सांगितल्या : नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढून टाकण्याचा आणि शिस्तीची कारवाई करण्याचा अधिकार कोणाचा, नोकरीत सलगता आहे का आणि नियंत्रण व देखरेख पूर्णपणे कोणाची. ते कामगार हरले. हे मुद्दाम सांगते, कारण "आमच्यावर रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाई लक्ष ठेवतात, म्हणजे आम्ही रुग्णालयाचेच" हा मुद्दा एकट्याने टिकत नाही. काय शिजवायचं, किती वाजता न्यायचं हे रुग्णालयाने सांगणं न्यायालयं दुय्यम नियंत्रण मानतात. रजा कोण मंजूर करतं, हजेरी कोणाच्या मस्टरवर लागते, मेमो कोणाच्या सहीचा येतो, कंत्राटदार बदलताना "हीच माणसं ठेवा" असं पत्र कोणी दिलं, याला वजन आहे. ती कागदपत्रं आजपासून जपा. मोबाईलमध्ये हजेरीपटाचा फोटो असणं पुढे पाच वर्षांनी कामी येतं.

दुसरी गोष्ट दाव्याच्या जागेची. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली थेट औद्योगिक न्यायालयात जायची सवय आहे. पण मालक-नोकर नातंच वादात असेल तर आधी ते नातं औद्योगिक विवाद म्हणून सिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्लाच्या खटल्यात सांगितलं आहे. दहा वर्षं दावा चालवून "चुकीच्या न्यायालयात आलात" हे ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या वकिलांना पहिल्या भेटीतच हा प्रश्न विचारा.

रुग्णालयाने थेट नेमलेल्या रोजंदारी किंवा तात्पुरत्या स्वयंपाक्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या आड २००६ चा उमादेवी निकाल येतो. मागच्या दाराने आलेल्यांना कायमपणाचा हक्क नाही, हे त्याचं सार. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या सफाई व बागकाम करणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घ्यायचं आणि मग काम बाहेर देऊन त्याच माणसांना हटवायचं, यासाठी उमादेवीची ढाल करता येणार नाही. रुग्णालयाचं स्वयंपाकघर कंत्राटाला देताना जुन्या रोजंदारीवाल्यांना घरी बसवलं असेल, तर हा निकाल हाताशी ठेवा.

कंत्राटदार तीन महिन्यांचा पगार बुडवून निघून गेला. आता?

रुग्णालयाकडे मागा. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर मुख्य नियोक्त्याने, म्हणजे इथे रुग्णालयाने, ते द्यावं आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळतं करावं, ही तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, प्रत कामगार आयुक्त कार्यालयात आणि पोच घ्या. कंत्राटदाराची सुरक्षा अनामत परत जाण्याआधी हे करा. अनामत एकदा सुटली की पैसे देण्याची प्रशासनाची इच्छाही आटते.

आमच्या गटाची निविदा तांत्रिक कारणाने बाद झाली. उच्च न्यायालयात जावं का?

न्यायालय काय पाहतं ते आधी समजून घ्या. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून सूत्र असं आहे की न्यायालय निर्णय तपासत नाही, निर्णय घेण्याची पद्धत तपासते. मनमानी, दुजाभाव किंवा दुष्ट हेतू दिसला पाहिजे आणि सार्वजनिक हिताला बाधा येत असली पाहिजे. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं : निविदेच्या अटींचा अर्थ निविदा काढणाऱ्यालाच सर्वांत चांगला कळतो आणि तो अर्थ अगदीच अतार्किक नसेल तर आम्ही बदलणार नाही. सर्वांत कमी दर भरला म्हणून काम मिळण्याचा हक्क तयार होत नाही, हेही पक्कं.

तरीही एक जुना निकाल मला फार मोलाचा वाटतो, आणि तो जेवणाच्याच निविदेचा आहे. मुंबई विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. अट होती, दुसऱ्या श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक आणि किमान पाच वर्षांचा अनुभव. काम मिळालं ते कँटीन चालवण्याचा अनुभव असलेल्याला, हॉटेलचालकाला नव्हे. मे १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने स्वतः घालून दिलेली अट सरकारलाही बांधते. ऐन वेळी ती एकासाठी सैल केली तर जे अट वाचून आलेच नाहीत त्यांच्यावर अन्याय होतो. एवढं म्हणूनही न्यायालयाने कंत्राट रद्द केलं नाही, कारण अर्जदार उशिरा आला होता आणि तोवर दुसऱ्या बाजूने बराच खर्च केला होता. बचत गटांतल्या बायकांना मी हाच शेवटचा भाग दोनदा वाचून दाखवते. अट चुकीची वाटली तर निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत घ्या. कार्यादेश निघून स्वयंपाक सुरू झाल्यावर कोर्टात गेलात तर बरोबर असूनही हाती काही लागणार नाही.

बचत गटांना प्राधान्य असतं ना?

अंगणवाडीच्या पोषण आहारात असतं. अन्न अधिकाराच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळांना काम द्या, असा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये काढलेल्या अशाच निविदांच्या अटींवरून वाद झाला, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्या अटी आणि दिलेली कामं रद्द करून नव्याने निविदा काढायला लावल्या. खऱ्या महिला गटांना बाहेर ठेवून मोठ्यांना आत घेणाऱ्या अटी टिकल्या नाहीत.

पण हा आदेश रुग्णालयांना लागू नाही. रुग्णालयाच्या निविदेत गटांना राखीव जागा हवी असेल तर ती सरकारी निर्णयातून किंवा निविदेच्या अटीतूनच यावी लागते. मोठी उलाढाल आणि हजार ताटांचा अनुभव मागणारी अट पन्नास खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला कशासाठी लागते, हे निविदापूर्व बैठकीत विचारायलाच हवं.

सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम, मग ताटात काय येणार?

माझ्या मते बाकीच्या सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे. दर पडला की त्याची वसुली दोनच ठिकाणांहून होते : कामगाराच्या पगारातून किंवा रुग्णाच्या वाटीतून. पहिल्याला कायदा आडवा येतो. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं ही घटनेच्या अनुच्छेद २३ मधली वेठबिगारी आहे, असं एशियाड बांधकामाच्या खटल्यात १९८२ मध्येच ठरलं. म्हणून दरातून किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि विमा वजा करून शिधा-गॅसला किती उरतं, ते गणित निविदा उघडतानाच मांडायला सांगा. उरलेल्या रकमेत डाळ, दूध, अंडं, फळ बसत नसेल तर ती निविदा अव्यवहार्य म्हणून नाकारण्याचा अधिकार समितीला आहे आणि तो वापरण्याची जबाबदारीही.

दुसऱ्या वसुलीला, वाटीतल्या चोरीला, फक्त करारनामाच अडवू शकतो. चांगल्या करारात प्रत्येक पदार्थाचं वजन असतं (कच्चं की शिजवलेलं, हेही), सॉफ्ट, लिक्विड आणि मधुमेही आहाराचं प्रमाण वेगळं लिहिलेलं असतं, आणि वजन कमी भरलं तर दंड किती, तो कोण लावणार, हेही असतं. "पौष्टिक व सकस आहार द्यावा" एवढ्याच वाक्यावर करार संपला असेल तर कोर्टातही हाती काही नसतं.

कंत्राटदाराला तडकाफडकी काळ्या यादीत टाकता येतं का?

नाही. बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, हे १९७४ पासून ठरलेलं आहे, आणि नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेख स्पष्ट हवा, हे २०१४ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं. निकृष्ट जेवण देणारे पुरवठादार कित्येकदा याच त्रुटीवर सुटतात. प्रशासनाने नोटीस नीट काढली तर ते सुटणार नाहीत.

आमचं बिल आठ महिने थकलं आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, असेल तर सूक्ष्म-लघु उद्योग कायदा, २००६ वापरा. ४५ दिवसांच्या पुढे थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि त्यासाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे (थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) अर्ज करता येतो. नोंदणी काम घेण्याआधीची हवी.

जेवणातून विषबाधा झाली तर जबाबदार कोण?

कंत्राटदार आणि रुग्णालय, दोघंही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्न व्यवसायाची व्याख्या नफ्याचा असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, अशी आहे. रुग्णालयाचं स्वयंपाकघर त्यात येतं. कंत्राटदाराचा परवाना त्याच जागेसाठी आहे का ते तपासा, शहरातल्या त्याच्या हॉटेलचा परवाना इथे चालत नाही. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान पाच लाखांची भरपाई अशी तरतूद आहे.

"जेवण कंत्राटदाराचं, आमचा संबंध नाही" असं रुग्णालय म्हणू लागलं तर औरंगाबादचं प्रकरण आठवा. १९६३ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापड राहून एक बाई दगावली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम कार्य (ज्यासाठी राज्याकडे भरपाई मागता येत नाही असं काम) नाही, त्यामुळे राज्याला भरपाई द्यावी लागेल. जेवणाच्या बाबतीतही, आपल्या छताखाली, आपल्या रुग्णाला, आपल्या आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दिलेल्या अन्नातून राज्याला अंग काढून घेता येऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वतःचं स्वयंपाकघर म्हणजे आपोआप सुरक्षित अन्न, असं नाही. इंग्लंडमध्ये वेकफील्डच्या स्टॅन्ली रॉयड रुग्णालयात १९८४ मध्ये साल्मोनेलाने १९ रुग्ण गेले. तिथलं स्वयंपाकघर रुग्णालयाचंच होतं, आणि सरकारी म्हणून त्याला अन्नकायद्यातून सूट होती. १९८६ मध्ये कायदा करून ती सूट काढावी लागली.

ग्राहक आयोगात जाता येईल का?

जिथे सर्वांना सगळी सेवा मोफत मिळते तिथे बहुधा नाही. १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसा आहे. काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील तर मोफत रुग्णही ग्राहक ठरतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. ते चांगलंच झालं, पण त्यामुळे तिथल्या रुग्णाची ग्राहक म्हणून दाद अवघड झाली. त्यांच्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार आणि उच्च न्यायालयात रिट याचिका हे मार्ग उरतात.

रुग्णाला काय मिळायला हवं, हे कुठे लिहिलेलं असतं?

बाळंतिणींसाठी स्पष्ट लिहिलेलं आहे. १ जून २०११ ला सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात साध्या प्रसूतीला तीन दिवसांपर्यंत आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत मोफत आहार आहे.

इतरांसाठी करारनामा आणि आहारसूची माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. करारनामा, आहारसूची, शेवटच्या सहा महिन्यांची बिलं आणि लावलेले दंड हे चार कागद मागा. आणि एक तरतूद फार कमी लोक वापरतात : कलम २ (ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. साठवणीच्या खोलीतल्या तूरडाळीचा नमुना मागता येतो.

परदेशात असे खटले झालेत का?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला खटला सर्वांत मोठा. जानेवारी २००२ मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून संघटनांच्या करारांतली "काम बाहेर देऊ नये" ही कलमंच रद्द केली. स्वयंपाक आणि सफाई बड्या कंपन्यांकडे गेली आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात बहुसंख्य बायका होत्या. ८ जून २००७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची महत्त्वाची कलमं घटनाबाह्य ठरवली. सामूहिक वाटाघाटी हा संघटनास्वातंत्र्याचाच भाग आहे, हे त्या न्यायालयाने तेव्हा पहिल्यांदा मान्य केलं आणि स्वतःचे जुने निकाल मागे घेतले. काम मात्र लगेच परतलं नाही. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे ४,००० सफाई व आहार कामगारांना पुन्हा सार्वजनिक सेवेत घेण्याचं जाहीर केलं.

खटला चालू असेल तर रुग्णांचं जेवण बंद पडतं का?

पडू नये. स्थगिती देताना सार्वजनिक हित पाहावं लागतं, त्यामुळे जुन्या कंत्राटदाराला मुदतवाढ किंवा तात्पुरती सोय असा अंतरिम मार्ग निघतो. अडचण पुढे येते. तात्पुरती मुदतवाढ लांबत जाते, जुना दर तसाच राहतो, भाज्यांचे भाव वाढतात आणि वाटी लहान होते. दाव्यात कंत्राटदार असतो, प्रतिस्पर्धी असतो, सरकार असतं, कधी संघटनाही असते. खाटेवरचा माणूस दहा दिवसांत घरी जातो, त्यामुळे तो पक्षकार नसतोच. म्हणून तुम्ही कोणत्याही बाजूने कोर्टात असाल, तर अंतरिम अर्जात एक मागणी आवर्जून घाला : दावा संपेपर्यंत आहारसूचीतली वजनं कायम राहावीत आणि रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञाने दर आठवड्याला वजनाचा अहवाल न्यायालयात द्यावा.